पंधराशे वॅटची ई-सायकल घरी बनवायचीय? मग मोटर सगळ्यात शेवटी ठरव

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. नाशिकच्या जेलरोडला राहतोस, सातपूर एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलायस, एका बाजूने साधारण पंधरा किमी, घरात ॲल्युमिनियम फ्रेमची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) पडून आहे, बजेट चाळीस हजार, ऑनलाइन १५०० वॅटचं मागच्या चाकाचं हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर) किट बघून ठेवलंयस, आणि विचारतोयस की ४८ व्होल्ट करू का ७२, आणि ओळखीतला एकजण जुन्या स्कूटरच्या सेलचा पॅक निम्म्या किमतीत देतोय तो घेऊ का. पटकन उत्तर हवं असेल तर ७२ नको, तो पॅक तर अजिबात नको, आणि मोटर आत्ता ऑर्डर करू नकोस. मोटर शेवटी. का ते सांगतो, जरा लांबेल. मी आधी मोटर रिवाइंडिंग करायचो, आता जास्त करून ई-सायकल, ई-रिक्षा आणि बॅटरी पॅकचंच काम असतं, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं एकाच क्रमाने पैसे घालून आलेली असतात, आधी मोठी मोटर, मग उरलेल्या पैशात बॅटरी, आणि ब्रेक सायकलला जे होते तेच.

आधी कायद्याचं, कारण किट विकणारा हे सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमात बॅटरीवरच्या गाडीला मोटार वाहन न समजण्याची जी सूट आहे ती मोटरची पॉवर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या आत असेल तरच मिळते, आणि पॉवर म्हणजे सतत अर्धा तास देता येणारी पॉवर, क्षणभराची पीक नाही. त्याच्या वर गेलास की ती कायद्याने मोटार वाहनच, म्हणजे नंबर, इन्शुरन्स, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं. आणि घरी बनवलेली गाडी घेऊन पेठ रोडच्या आरटीओत गेलास तर ते टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे गाडी नियमात बसते असा दाखला मागणार, तो एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मॉडेलला घ्यावा लागतो, तुझ्या एका सायकलला कोण देणार. कंट्रोलरमध्ये (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) २५ चं लिमिट टाकलं तरी हबवर १५०० छापलेलं असेल तर तुझ्या बाजूने दाखवायला कागद काहीच नाही. पोलिसाने धरलं तर एकवेळ दंडावर भागेल, पण द्वारका चौकात कुणाला धडकलास तर इन्शुरन्स नाही आणि सगळा खर्च तुझ्या खिशातून, ही खरी भीती आहे.

म्हणून मला विचारशील तर रोजच्या कामाला २५० वॅट रेटिंगची गिअर हब मोटर लाव, २५ चं लिमिट ठेव, आणि १५०० वालं प्रकरण शेतावर, फार्महाऊसवर, खाजगी जागेत चालवायला कर. आणि रोज ताशी चाळीसनेच जायचं असेल तर नंबरवाली सेकंडहँड ई-स्कूटर घे, चाळीस हजारात शोधली तर मिळते. पण ठरवायचं तुला, आणि पार्ट निवडायचं गणित दोन्हीला तेच आहे, म्हणून दोन्हीचे आकडे देतो.

वेगापासून सुरू कर, वॅटपासून नको. माणूस आणि सायकल मिळून ११० किलो, सरळ बसून चालवतोय, जाड टायर, सपाट रस्ता, वारा नाही असं धरलं तर २५ च्या वेगाला चाकावर साधारण १८० ते १९० वॅट लागतात. ४० ला साधारण पावणेसहाशे. ५० ला हजाराच्या वर. वेग दुप्पट केलास आणि पॉवर पाचपटीच्या वर लागली, कारण हवेला ढकलायला लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते. चढाचं वेगळं, पाच टक्के चढ २५ ने चढायचा तर त्याच ११० किलोला वरून अजून पावणेचारशे वॅट घाल. तुझ्या रस्त्यावर, म्हणजे बिटको, द्वारका, मुंबई नाका, मायको सर्कल, आयटीआय सिग्नल, सातपूर असा जाणार ना, तिथे दम काढणारा लांब चढ नाही. सिन्नरला जात असतास, रोज मोहदरी घाट असता, तर वेगळं उत्तर दिलं असतं.

आणि वेळ बघ. पंधरा किमी २५ ने सलग गेलास तर ३६ मिनिटं, ४० ने साडेबावीस. पण सलग जाणार कुठे? द्वारकेला संध्याकाळी तू आणि शेजारचा बुलेटवाला एकाच वेळी एकाच ठिकाणी उभे असणार. सिग्नल आणि गर्दी धरून फरक आठ-दहा मिनिटांचा राहतो, आणि त्या आठ-दहा मिनिटांसाठी बॅटरी दीडपट मोठी, ब्रेक वेगळे, फ्रेम वेगळी, आणि कायद्याची बाजू गेली. असो, माझं मत सांगून झालं.

आता एनर्जी. २५ ने चालवली तर थांबत-निघत धरून किमीला ११-१२ वॉट-अवर (हजार झाले की एक युनिट) पकड, ३५ ते ४० ने चालवली तर १८ पकड, जोरात पळवणाऱ्याला २२ पण लागतात. जाऊन-येऊन तीस किमी. म्हणजे हळू चालवणाऱ्याला ३६०, जोरात चालवणाऱ्याला ५४०. आता यात दोन गोष्टी मिळवायच्या, एक म्हणजे बॅटरी रोज तळापर्यंत काढायची नाही, ८० टक्केच वापरायची, आणि दुसरी, दोन-तीन वर्षांनी तिची ताकद वीस टक्के उतरलेली असेल तेव्हाही घरी पोचायचंय. ५४० ला ०.८ ने भागलं, परत ०.८ ने भागलं, साधारण साडेआठशे येतात. ३६० चे होतात साडेपाचशे. कंपनीत चार्जिंग मिळत असेल तर हे निम्म्यावर येईल, पण बऱ्याच कंपन्यांत सिक्युरिटी घरगुती पॅक सॉकेटला लावूच देत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यामुळे मिळणार नाही असंच धर.

बॅटरीवर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण चाळीसातले वीस-बावीस हजार बॅटरी, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसला की बॅटरी बंद करणारं सर्किट) आणि चार्जर मिळून जायला पाहिजेत आणि आग लागली तर तिथूनच लागते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडेच पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरवर चढवलेल्या वीस ई-स्कूटर पेटल्या होत्या, आठवत असेल. त्या वर्षी देशभर अशा घटना झाल्या आणि नंतर सरकारने एआयएस १५६ या ई-गाड्यांच्या सुरक्षा मानकात बॅटरीचे नियम कडक केले. कारखान्यात बनलेल्या पॅकची ही गत होते तर टेबलावर बनवलेल्याची काय काळजी घ्यावी लागेल ते बघ.

सेलचे दोन रस्ते आहेत. एक एनएमसी किंवा एनसीए, म्हणजे लॅपटॉप-स्कूटरवाले १८६५० आणि २१७०० सेल, हलके, जागा कमी घेतात, पण गरम झाले की लवकर बिथरतात. दुसरा एलएफपी, लोकं ज्याला लिथियम फॉस्फेट म्हणतात, ३२७०० साइजचे जाडे सहा एएचचे (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) सेल, जड आहेत पण उष्णता जास्त सोसतात आणि आयुष्य दोन-तीनपट. नाशकात मे महिन्यात चाळीसच्या पुढे जातं आणि तुझी सायकल दिवसभर कंपनीच्या पत्र्याच्या शेडखाली तापत उभी राहणार. मी एलएफपीच सांगेन. १६ सिरीज ३ पॅरलल (तीन-तीन सेल शेजारी जोडून असे सोळा ग्रुप एकामागे एक) केले की ५१.२ व्होल्ट, १८ एएच, साधारण ९२० वॉट-अवर, ४८ सेल, फक्त सेलचंच वजन पावणेसात-सात किलो. २५० वॅटच्या रस्त्याने गेलास तर १६ सिरीज २ पॅरलल, १२ एएच, सव्वासहाशेच्या आसपास, भागलं काम. एनएमसी-एनसीएमध्ये मोठ्या पॅकएवढाच करायचा तर १३ सिरीज ६ पॅरलल सॅमसंग ३५ई, ७८ सेल, पावणेचार किलो. तीन किलोचा फरक आहे, पण तुला सायकल उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायची नाहीये ना, मग वजनासाठी एनएमसी कशाला.

एलएफपीची एक गंमत आधीच सांगून ठेवतो नाहीतर रस्त्यात फसशील. हिचा व्होल्टेज जवळजवळ पूर्ण डिस्चार्जभर ३.२ ते ३.३ वर सपाट चालतो आणि शेवटी धाडकन पडतो, त्यामुळे थ्रॉटलवरच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या मुठीवरच्या लाइटवाल्या इंडिकेटरवर काडीचा विश्वास नाही, तो शेवटपर्यंत भरलेलीच दाखवतो. शंटवाला मीटर लाव जो किती एएच गेले ते मोजतो. बाकी खर्चात काटकसर कर पण हा मीटर घे, कारण पुढे किमीला किती वॉट-अवर लागतात हेही तोच सांगेल आणि माझ्या वरच्या आकड्यांची तुला गरज उरणार नाही.

आता तो स्वस्तातला पॅक. जुन्या स्कूटरमधून काढलेले सेल सगळेच वाईट असतात असं नाही, पण एका पॅकमध्ये काही सेल ८५ टक्के उरलेले आणि काही ५० असतात, आणि सिरीजमध्ये सगळ्यात कमकुवत ग्रुप जिथे संपतो तिथे पूर्ण पॅक संपतो. ते वापरायचेच असतील तर प्रत्येक सेल सुटा करून कपॅसिटी मोजायची, इंटर्नल रेझिस्टन्स मोजायचा, पूर्ण चार्ज करून दोन आठवडे बाजूला ठेवून कुणाचा व्होल्टेज खाली येतोय ते बघायचं, आणि मग जोड्या लावायच्या. एवढं तुझा ओळखीतला करून देतोय का? नाही ना. मग तो पॅक नाही, ते भंगार आहे, आणि भंगाराच्या भावाने मिळालं तरी सायकलवर पायांच्या मधे ठेवायचं नाही. नवीन सेलमध्येही फसवणूक आहेच. १८६५० सेलवर ९८०० एमएएच वगैरे लिहिलेलं दिसलं की तिथून उठ, त्या साइजमध्ये चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो. सोनाराचा नाही तर किचनचा छोटा काटा घेऊन जा, खरा १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो आणि ३२७०० चा सेल १४० च्या आसपास. तीस ग्रॅम भरला तर आत काय आहे देव जाणे.

पॅक बनवून घेताना निकेल पट्टी शुद्ध निकेलची आहे का लोखंडावर मुलामा आहे ते विचार, आणि विचारून थांबू नकोस, एक तुकडा घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेव, गंज आला की लोखंड. लोखंडाची पट्टी करंट कमी नेते आणि तापते. सेल थेट सोल्डर करणाऱ्याकडे जाऊ नको, स्पॉट वेल्डिंगच पाहिजे. प्लसच्या टोकावर फायबर पेपरचं वॉशर पाहिजे, आणि पॅक डब्यात हलता कामा नये. आपल्या खड्ड्यांत सैल पॅकची पट्टी महिन्या-दोन महिन्यांत तुटायला लागते आणि तुटलेली पट्टी आत कुठे टेकेल त्याचा नेम नाही.

बीएमएसवर लिहिलेला अँपिअर हा बहुतेकवेळा आशावादी असतो. कंट्रोलर २५ ओढणार असेल तर ४०-५० वाला घे. टेंपरेचरचा सेन्सर असलेला घे. बॅलन्सच्या बारीक वायरी कनेक्टरला लावायच्या आधी मल्टिमीटरने एकेक टप्पा मोज, ३.३, ६.६, ९.९ असं चढत गेलं पाहिजे, एखादी अदलाबदल झाली आणि तशीच खुपसली तर बीएमएस तिथेच धूर काढतो. आणि "बीएमएस सारखा ट्रिप होतोय म्हणून बायपास केला" असं करणाऱ्याचं ऐकू नको. तो ट्रिप होतोय म्हणजे कुठला तरी ग्रुप खाली बसलाय, ते शोधायचं.

चार्जर एलएफपी १६ सिरीजला ५८.४ व्होल्टचाच, एनएमसी १३ सिरीजला ५४.६, आणि जुन्या लेड-ॲसिड स्कूटरचा पडलेला चार्जर कुणी दिला तर घेऊ नको. पाच अँपिअरचा चार्जर १८ एएच पॅकला साधारण चार तास घेतो आणि एक-सव्वा युनिट वीज. रात्री झोपताना लावून झोपू नको. फ्लॅटमध्ये राहत असशील तर दरवाजाजवळ, जिन्याच्या वाटेवर चार्जिंगला ठेवू नको, पेटलंच तर बाहेर पडायची वाटच बंद होते. उन्हातून आल्या आल्या लगेच लावू नको, अर्धा तास गार होऊ दे.

आता ७२ व्होल्ट का नको. मोटरचा वेग व्होल्टेजवर चालतो. तू बघितलंयस तसलं किट ४८ व्होल्टला साधारण ४७० आरपीएमचं असतं, २६ इंची चाक एका फेऱ्यात जवळपास २.०७ मीटर जातं, म्हणजे चाक हवेत फिरताना ५८ किमीचा वेग. तीच मोटर ७२ वर टाकली की हवेतला वेग ८७ च्या पुढे. सायकलच्या चिमट्यावर, सायकलच्या ब्रेकवर! शिवाय २० सिरीजचा पॅक फुल चार्ज ८४ व्होल्ट असतो आणि ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की ओल्या हाताला झटका बसायची शक्यता धरूनच काम करावं लागतं, पावसाळ्यात तर विशेष. ४८ मध्ये तुझं सगळं काम होतंय.

मोटरवर छापलेल्या वॅटला फार अर्थ नसतो, हे रिवाइंडिंगवाला म्हणून सांगतो. मोटर किती ओढणार ते कंट्रोलर ठरवतो आणि कंट्रोलरला किती द्यायचं ते बॅटरीचा दम ठरवतो. ४८ गुणिले २२ अँपिअर म्हणजे जेमतेम हजार वॅट, मग हबवर १५०० लिहिलेलं असो नाहीतर ३०००. लोकं उलटं करतात, मोठी मोटर आणतात, ३५-४० अँपिअरचा कंट्रोलर लावतात आणि मागे १० एएचचा पॅक, मग सिग्नलवरून निघताना व्होल्टेज बसतो, कंट्रोलर कट होतो, आणि "मोटरच खराब निघाली" म्हणून मोटर घेऊन माझ्याकडे येतात. मोटर बिचारी ठणठणीत असते.

कंट्रोलर साइन वेव्हचा घे, स्क्वेअर वेव्हवाला स्वस्त असतो पण निघताना घुर्र आवाज करतो आणि झटके देतो. १५०० वॅटवाल्या रस्त्याला २२-२५ अँपिअर बास, २५० वॅटवाल्याला १४-१५. डिस्प्लेवरून करंट आणि वेगाचं लिमिट टाकता येईल असा, केटी कंपनीचे कंट्रोलर यासाठी बरे पडतात, पार्टही मिळतात. ज्या गोष्टीकडे कुणी बघत नाही ती म्हणजे थ्रॉटल. थ्रॉटलला तीन वायरी, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. ग्राउंडची वायर हँडलपाशी वाकून वाकून आतून तुटली तर सिग्नल वर चढतो, आणि साध्या कंट्रोलरला वाटतं तू फुल पिळलायस. गाडी स्वतःच सुटते. म्हणून ब्रेक लिव्हरला कट-ऑफ स्विच दोन्ही बाजूंना पाहिजेच, आणि अंगठ्याला लागेल असा एक किल स्विच. या सगळ्या स्विचना मिळून पाचशे रुपये जात नाहीत.

मग मोटर. गिअर हब आतून प्लॅनेटरी गिअरची असते, हलकी, अडीच-तीन किलो, निघताना चांगला जोर, बंद असताना चाक मोकळं फिरतं म्हणून पॅडल मारत घरी येता येतं, पण आतले गिअर बहुतेकदा नायलॉनचे आणि जास्त करंट दिला की दात जातात. २५० वॅटवाल्या रस्त्याला हीच घे. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे तू बघितलीस ती, सहा-सात किलोचा गोळा, आत गिअर नाहीत म्हणून बिघडायलाही काही नाही, आवाज नाही, रीजन मिळतं, म्हणजे ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. रीजनने रेंज फार वाढत नाही, पाच-दहा टक्के, पण ब्रेक पॅड वाचतात. एक लक्षात ठेव, सकाळी फुल चार्ज पॅकवर रीजन मारलं तर बीएमएस जास्त व्होल्टेज म्हणून कट करू शकतो आणि त्या क्षणी ते ब्रेकिंग गायब होतं, म्हणून पहिला किमीभर रीजन नाहीच असं समजून चालव. मिड ड्राइव्ह, म्हणजे पॅडलपाशी बसणारी मोटर, बाफांगचं बीबीएसएचडी वगैरे, फार छान चीज आहे, सायकलचे गिअर वापरते त्यामुळे चढाला मजा येते, पण चेन आणि स्प्रॉकेट खाते, बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा ॲक्सल बसतो तो भाग) ६८ मिमीचं थ्रेडवालं लागतं, कॉटरवाल्या जुन्या सायकलला बसत नाही आणि तुझ्या बजेटमध्येही बसत नाही. घाटात राहणाऱ्याने घ्यावी, जेलरोडवाल्याने नाही.

आरपीएम विचारल्याशिवाय मोटर घेऊ नको. दुकानदार वॅट सांगेल, तू म्हण आरपीएम सांग आणि किती व्होल्टला सांग. २० इंची चाकासाठी वळवलेली मोटर २६ मध्ये टाकली की ती कायम गरजेपेक्षा जास्त वेगाची राहते आणि हळू चालताना नुसती तापते. मोटर तिच्या हवेतल्या वेगाच्या निम्म्याखाली जोर लावत राहिली की आत तांबं गरम करत बसते, पुढे सरकवत नाही. टेंपरेचरची वायर बाहेर आलेली मोटर मिळाली तर तीच घे.

आता तुझी फ्रेम. ॲल्युमिनियमच्या ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा ॲक्सल बसतो ती फ्रेमची खाच) डायरेक्ट ड्राइव्ह टाकायची नाही, विषय संपला. हबचा ॲक्सल दोन बाजूंनी घासलेला असतो आणि त्या १० मिमीच्या चपट्या भागावरच मोटर सगळा जोर फिरवते. ५० न्यूटन-मीटर टॉर्क धरला तर त्या कडांवर जवळपास पाचशे किलोचा दाब येतो, आणि रीजन असेल तर एकदा पुढे एकदा मागे, दिवसातून शेकडो वेळा. ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, सरळ चिरतं, ॲक्सल फिरतो, फेजच्या वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निघायला बघतं. स्टीलची जुनी एमटीबी फ्रेम सायकल दुकानांत हिंडलास तर दोन-अडीच हजारात मिळून जाते, ती घे. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवाल्या चिमट्यात तर मोटर कधीच नको.

टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सल फिरू न देणारी पट्टी, दोन्ही बाजूंना. आणि हे ऑनलाइन मागवू नकोस, तू सातपूरला जातोस बाबा! तिथल्या नाहीतर अंबडच्या कुठल्याही लेझर कटिंगवाल्याला ६ मिमी स्टेनलेसच्या प्लेटमध्ये ड्रॉइंग दे, ॲक्सलचा चपटा भाग मायक्रोमीटरने मोजून दे, अंदाजाने १० लिहू नको, कधी ९.८ असतो कधी १०.१. होल इतकं टाइट पाहिजे की हातोडीने हलकं ठोकून बसेल. बाजारातले तयार टॉर्क आर्म ढिले असतात आणि ढिला टॉर्क आर्म म्हणजे नसल्यासारखाच.

ब्रेकला दुय्यम समजू नको. ४० वरून थांबायला २५ च्या अडीचपट ऊर्जा खायची असते आणि सायकल आता तीस किलोची आहे. पुढे हायड्रॉलिक डिस्क, १८० मिमीची, शिमानोची साधी सिरीज पुरते. मागे मेकॅनिकल चालेल. व्ही-ब्रेकवर १५०० वॅट चालवणारे मी बघितलेत, पावसात रिम ओली झाली की ते देवाच्या भरवशावर असतात. रिम डबल वॉलची, आरे मोटरच्या चाकाला १२ किंवा १३ नंबरचे, आणि बांधल्यावर आठवड्याने परत ताणून घ्यायचे, नवीन आरे सैल होतातच. टायर २.१ पेक्षा बारीक नको, हवा ३५-४० पीएसआय. जड हबचं चाक खड्ड्यात आपटलं की आधी रिम जाते.

वायरिंग थोडक्यात. मेन लाइन ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्सिबल, लांब जात असेल तर ६. कनेक्टर एक्सटी ९०, त्यातला अँटी-स्पार्कवाला, कारण कंट्रोलरचे कॅपॅसिटर जोडताना ठिणगी मारतात आणि साधा कनेक्टर काही महिन्यांत काळा पडतो. फ्यूज पॅकच्या तोंडाशीच, ४० चा. घरातला एसीचा एमसीबी काढून लावायचा नाही, डीसीचा आर्क त्याला विझत नाही, डीसीचा वेगळा मिळतो.

पाऊस. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की त्या दिवशी सायकल काढूच नको, पण रोजच्या पावसात चालली पाहिजे. हबमध्ये पाणी ॲक्सलमधून येणाऱ्या वायरीच्या वाटेनेच शिरतं, म्हणून वायर ॲक्सलमधून निघाल्यावर आधी खाली लोंबू दे आणि मग वर ने, पाणी त्या वळणावरून गळून जातं. कंट्रोलर फ्रेमच्या खालच्या बाजूला, वायरी खाली तोंड करून, हवा लागेल असा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नको, आत घाम धरतो आणि तापतोही. कनेक्टरला सिलिकॉन ग्रीस. मडगार्ड दोन्ही, पूर्ण लांबीचे, दिसायला कसेही असले तरी.

पहिल्यांदा चालू करताना चाक हवेत ठेव, हॉल सेन्सरच्या बारीक आणि फेजच्या जाड वायरींचे रंग जुळले म्हणजे बरोबर लागलं असं धरू नको, कंट्रोलरला सेल्फ-लर्निंगची वायर असेल तर ती वापर. चाक हवेत फिरताना ४८ ला एक-दीड अँपिअरच्या आसपास ओढलं तर ठीक, सहा-सात ओढून घरघरत असेल तर लगेच बंद कर, फेजचा क्रम चुकलाय. पहिल्या आठवड्यात लिमिट १२ अँपिअर ठेवून चालव, रोज संध्याकाळी ॲक्सलचे नट आणि टॉर्क आर्म बघ, कंट्रोलरला आणि फेजच्या कनेक्टरला हात लावून बघ, कनेक्टर हात ठेववत नसेल एवढा गरम असेल तर तो जोड सैल आहे.

तर आता या रविवारी फक्त एवढंच कर, मागच्या ड्रॉपआउटची आतली रुंदी मोज, बहुतेक १३५ मिमी निघेल, खाचेची रुंदी मोज, डिस्कची कॅलिपर लावायला मागे टॅब आहे का बघ, फ्रेम खरंच ॲल्युमिनियमची आहे ना ते कळायला तिला चुंबक चिकटतं का बघ, आणि मधल्या त्रिकोणात पुठ्ठ्याचा डबा कापून बसवून त्याची लांबी-रुंदी-उंची लिहून पाठव. त्या डब्यात ४८ सेल बसतात का ३२ ते मी काढून देतो, मोटरचं त्यानंतर बघू.